बेंबीचा अंतर्गळ

उन्हाळ्याच्या दिवसांत गंगेवर पोहावयास जाणारीं आमचीं मुलें घाटावर सदरे काढून टाकतात आणि धडाधड उड्या मारतात. परंतु त्यांच्यांत एखादा असाहि असतो कीं, तो सदऱ्यासह पाण्यांत उतरतो. मागें अशाच एका विद्यार्थ्यास आम्हीं कारण विचारलें, तेव्हां तो मान खालीं घालून उभा राहिला. पुढें त्याच्या आईकडून कळलें कीं, त्याची बेंबी जन्मापासून लिंबाएवढी वर आलेली आहे व सोबती चिडवितात म्हणून तो अंग उघडें करीत नाहीं. "डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणतात, पण एवढ्याशा बेंबीसाठीं पोराच्या पोटावर सुरी चालवावी काय?" असें त्या माउलीनें आम्हांस विचारलें. हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो, म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

मूल आईच्या उदरांत असतां त्याचें पोषण नाळेवाटे होतें. नाळेंत दोन रोहिणी व एक नीला अशा तीन रक्तवाहिन्या असतात आणि त्या पोटाच्या भिंतींतील एका वाटोळ्या छिद्रांतून जातात. जन्मानंतर नाळ सुकून गळून पडते व हें छिद्र हळूहळू आवळून मिटतें. कांहीं मुलांत तें मिटावयाचें राहतें. मग मूल रडलें, खोकलें किंवा कुंथलें म्हणजे पोटाचें आंतलें अस्तर, व कधीं कधीं आंतड्याचा वेढाहि, त्या वाटेनें कातडीखालीं येतो आणि बेंबी फुगते; मूल शांत निजलें म्हणजे ती पुनः बसते. ह्यासच बेंबीचा अंतर्गळ अथवा हर्निया म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या मुलांत तो अधिक आढळतो.

आपल्याकडे ह्याचा ठपका बहुधा सुइणीवर येतो. नाळ नीट कापली गेली नाहीं, असें म्हणतात. ही समजूत फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतहि नाळ योग्य रीतीनें न कापल्यास बेंबी वर येण्यासारखे विकार होतात असें सांगितलें आहे. परंतु छिद्र मिटणें वा न मिटणें हें पोटाच्या भिंतीच्या वाढीवर अवलंबून असतें, नाळ कोठें कापली ह्यावर नव्हे, असें आतां ठरलें आहे. तेव्हां सुइणीस, किंवा बाळाला फार रडूं दिलें म्हणून आईस, बोल लावण्याचें कारण नाहीं. घरांतील आजीबाईंना हें वाक्य दोनदां वाचून दाखवावें.

दुसरी जुनी चाल म्हणजे बेंबीवर ढब्बू पैसा ठेवून वर घट्ट पट्टा बांधणें. त्यानें छिद्र लवकर मिटतें असें दिसून आलेलें नाहीं. उलट पट्ट्याखालीं घाम साचून कातडी सोलवटते व तेथें पू होतो.

आतां धीर देणारी गोष्ट ही कीं, बहुतेक मुलांत हें छिद्र तिसऱ्या ते पांचव्या वर्षापर्यंत आपोआप मिटतें. तें एका सेंटिमीटरहून लहान असेल तर मिटण्याचा संभव चांगला असतो. दीड सेंटिमीटरहून मोठें असल्यास कमी असतो. म्हणून शस्त्रवैद्य सामान्यतः चार-पांच वर्षें वाट पाहावयास सांगतात. जांघेंतील अंतर्गळाची गोष्ट मात्र निराळी. तेथें आंतडें अडकण्याची भीति मोठी असते व तो दिसतांच विलंब न लावितां शस्त्रक्रिया करावी लागते. बेंबींत असें क्वचित्‌च घडतें. तथापि फुगा टणक झाला, दुखूं लागला, आंत जाईना, त्यावरील कातडी लाल किंवा काळीनिळी पडली, अथवा मुलास वांत्या होऊं लागल्या, तर रात्र असो कीं सण असो, त्याच क्षणीं रुग्णालय गांठावें.

शस्त्रक्रिया ती काय? मुलास पूर्ण भूल देतात. बेंबीच्या खालच्या वळींतच अर्धचंद्राकार छेद घेतात, त्यामुळें व्रण पुढें वळींतच लपतो. बाहेर आलेली पिशवी सोडवून आंतील भाग पोटांत सारतात, छिद्राच्या कडा बळकट टांक्यांनीं जोडतात आणि बेंबीची कातडी आंत टांचून तिला पूर्वीचा खळगा देतात. अमेरिकेंतील विल्यम मेयो ह्यांनीं १९०१ सालीं बाराबंदीच्या पदरांप्रमाणें एक कड दुसरीवर चढवून शिवण्याची रीत वर्णिली होती. मुलांत मात्र कडेस कड जोडणें पुरतें, व मोठ्या माणसांत बसवितात ती जाळी बहुधा लागत नाहीं. सारें काम साधारण अर्ध्या-पाऊण तासाचें. मूल बहुतेक त्याच दिवशीं घरीं येतें.

एका बाबतींत पालकांनीं अगदीं कठोर राहिलें पाहिजे. भुलेपूर्वीं सहा तास अन्न व दोन तास पाणीहि द्यावयाचें नसतें. अंगावर पिणाऱ्या बाळास शेवटचें दूध चार तास आधीं. पोर रडतें म्हणून मावशीनें हळूच दिलेलें एक बिस्किट भुलेंत उलटून श्वासनलिकेंत गेलें तर जिवावर बेततें. चुकून कांहीं दिलें गेलेंच, तर तें न लपवितां डॉक्टरांस सांगावें. फार तर दिवस पुढें ढकलला जाईल.

मुंबईस परळ येथें १९२९ सालीं वाडिया बालरुग्णालय निघालें. आतां बालशस्त्रवैद्य नाशिकांतहि आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारींत पालघर येथें सुरू झाला. त्याचीं पथकें अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत मुलें तपासतात. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरील आईबापांनीं अशा वेळीं मुलाची बेंबी दाखवावयास संकोचूं नये.

आमच्या त्या विद्यार्थ्याचें वय तेव्हां दहा वर्षांचें होतें. छिद्र आपोआप मिटण्याची वेळ टळून गेली होती, आणि त्याच्या मनास लागलेली टोंचणीहि कांहीं लहान नव्हती. असें आम्हीं आईस सांगितलें व एप्रिलांत शस्त्रक्रिया झाली. जखम भरेपर्यंत पाण्यांत जावयाचें नाहीं, अशी डॉक्टरांची ताकीद होती. त्यामुळें पुढचे कांहीं आठवडे तो घाटाच्या पायरीवर बसून इतरांच्या सदऱ्यांची राखण करी, आणि कोणी जवळ आलें कीं आपण होऊन सदरा वर करून बेंबी दाखवी.