मंजूर म्हणजे जमा नव्हे

अनुदानाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि वर्धा जिल्ह्यात मोजणीचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. जमीन मोजणीतल्या संशोधनाच्या पैशाची सगळी रड या एका विसंगतीत आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि ते फुकट बनलेलं नाही. जून ते सप्टेंबर आपल्या काळ्या मातीत माणसाचाच पाय रुततो, तिथे ट्रायपॉड काय स्थिर राहणार! पुढे कपाशी छातीला येते, तूर डोक्यावर जाते, आणि एका धुऱ्यावरून दुसरा धुरा दिसत नाही. शेवटचा वेचा होऊन वावर मोकळं व्हायला फेब्रुवारी उजाडतो. म्हणजे खरं काम फेब्रुवारीपासून मृग लागेपर्यंत, आणि त्याच्या बरोबर मधे आर्थिक वर्षाची भिंत. हप्ता मार्चअखेरीस खात्यावर पडतो, लगेच तो खर्ची दाखवण्याचा तगादा लागतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात माणसं प्रत्यक्ष वावरात उभी असतात तेव्हा खात्यात खडखडाट असतो. आता रोव्हर आले, उपग्रहाला कपाशी आड येत नाही, असं यावर कुणी म्हणेल. खरं आहे. पण धुऱ्याचा दगड शोधायला, लगतधारकाला उभं करायला आणि वहिवाट कुठून आहे ते बघायला वावरात उतरावंच लागतं. उभ्या पिकातून चार जणांना कोणता शेतकरी फिरू देईल?

या अडचणीवर संस्थांकडे एक ठरलेलं वाक्य असतं: मंजूर झालं आहे, तुम्ही काम सुरू करा, पैसे येतीलच. हे वाक्य मला कोणी ऐकवलं ते सांगत नाही. नाव बदललं तरी वाक्य तेच राहतं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने पहिली गोष्ट शिकावी ती ही, की मंजुरीचं पत्र, निधी वितरणाचा आदेश आणि संस्थेच्या खात्यात पडलेली रक्कम या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात कधीकधी अख्खा हंगाम जातो. मंजुरीच्या भरवशावर गाडी, मजूर आणि भाड्याचं यंत्र लावलं, की उधारी संस्थेच्या नावावर नसते, लावणाऱ्याच्या नावावर असते. हे ध्यानात येण्याची वेळही ठरलेली आहे. उपयोगिता प्रमाणपत्र मागितलं जातं तेव्हा. केंद्राच्या अनुदानासाठी ते १२-अ नमुन्यात द्यावं लागतं आणि त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. तोवर ‘बघू, करून घेऊ’ म्हणणारा लेखा विभाग त्या दिवशी एकाएकी नियमांचा पक्का होतो. साखळी धरणाऱ्या, दगड उकरणाऱ्या मजुराला रोख दिलेली मजुरी त्याला चालत नाही. पक्कं बिल हवं. प्रवासाच्या शीर्षातले पैसे मजुरीला वळवायचे तर परवानगी हवी, आणि ती काम झाल्यावर मिळत नाही. शिल्लक रकमेवरचं व्याजसुद्धा परत करावं लागतं. हे नियम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. सार्वजनिक पैसा आहे, हिशेब हवाच. माझा राग एवढ्यापुरताच आहे, की ज्यांना हे नियम पाठ असतात ते आधी गप्प बसतात. म्हणून मजुरांचा हजेरीपट पहिल्या दिवसापासून ठेवा, मजुरी बँक खात्यावर द्या, आणि प्रत्येक शीर्षात किती रक्कम आहे याची लेखी प्रत काम सुरू होण्यापूर्वी हातात घ्या. तोंडी आश्वासनाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

दुसरी गोष्ट पात्रतेची. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन असो की दुसरी मोठी योजना, मुख्य अन्वेषक हा मान्यताप्राप्त संस्थेतला नियमित नोकरदार लागतो. १ जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती महिना ३७ हजारांची झाली, चांगलं झालं. पण ती पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षेमागून येते. आयटीआय किंवा पदविका करून वीस वर्षं धुरे मोजलेल्या माणसाला या शिडीवर पायरीच नाही. त्याला प्रकल्पात घेतात ते ‘क्षेत्र साहाय्यक’ म्हणून. माहिती तो आणतो, शोधनिबंधावर नाव दुसऱ्याचं. यावर उत्तर मिळतं, की संशोधनाला पद्धतीचं शिक्षण लागतं, नुसता अनुभव पुरत नाही. मान्य. मग ज्याच्याकडे पद्धत आहे त्याने अनुभवाला किंमत तरी द्यावी. ती देत नाहीत, म्हणून सांगतो: यंत्रातल्या कच्च्या नोंदींची एक प्रत आणि फिल्डबुक स्वतःजवळ ठेवा, आणि निबंधात नाव येणार का हे मेलवर विचारून घ्या. उत्तर आलंच नाही तर तेही उत्तरच समजा.

मोजणीला संशोधनाचा पैसा हवाच कशाला, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात पुरलेलं आहे. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली, ते रेटत तो वीस वर्षांनी हैदराबादहून नागपूरकडे निघाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. तेव्हाही हिशेबनीस होतेच. श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांना सांगितलं की पुरे, त्यासाठी एवढं मोजमाप कशाला, अशा अर्थाचा आक्षेप मद्रासच्या वित्त समितीतल्या एका सदस्याने घेतला होता. लॅम्ब्टनच्या मोजणीत द्वीपकल्पाची रुंदी आधीच्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी निघाली, तेव्हा भोयांच्या ज्ञानाची मर्यादा कळली. कंपनी सरकारला त्यातून फौजा आणि महसूल हवा होता, धर्मादाय काही नव्हता, हे मी विसरत नाही. तरी पैशाची रीत बघण्यासारखी आहे. पोलादी साखळी आणि खगोलवेधाचं यंत्र आधी विकत घेतलं गेलं, मोठा थिओडोलाइट विलायतेहून मागवला, तंबू-माणसांचा खर्च चालू राहिला आणि निकालाची वाट वर्षानुवर्षं पाहिली गेली. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना तोच थिओडोलाइट आपटून बिघडला, म्हणून कुणी प्रकल्प गुंडाळला नाही. आज आमच्याकडे यंत्र नादुरुस्त झालं तर दुरुस्तीचं शीर्षच नसतं.

आणि विषय संपलेले नाहीत. वर्धा मध्य प्रांतात असताना इथले गावनकाशे सोळा इंचांना एक मैल या प्रमाणावर काढले गेले. त्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर जवळजवळ दोन मीटर होते. मालगुजारी १९५१ साली गेली, वाटण्या झाल्या, समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून आडवा गेला आणि उरलेल्या तुकड्यांचे धुरे नव्याने ठरवायची वेळ आली. त्या दोन मीटरांवरून भाऊबंदकी होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात रोवलेला दगड वर्षानुवर्षं जागचा हलत नाही असं कोण म्हणेल? हे तपासायला पैसा लागतो, आणि तो लागोपाठ काही हंगाम लागतो.

विद्यार्थ्यांचं दुखणं वेगळं दिसलं तरी मूळ तेच. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती किंवा शुल्क सवलत मागून येते, फी आधी मागितली जाते, आणि सर्व्हे कॅम्पचा खर्च यातल्या कशातच धरलेला नसतो. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजना घ्यायची तर प्रवेश केंद्रीय फेरीतूनच हवा. ‘कॉलेज तेच आहे ना’ म्हणून संस्थास्तरावरच्या जागेवर घेतलेला प्रवेश पुढे महागात पडतो, आणि प्रवेशाच्या खिडकीवर हे कुणी आपणहून सांगत नाही. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे अर्ज भरण्याआधी बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टोटल स्टेशनच्या तीन महिन्यांच्या खासगी कोर्ससाठी कर्ज काढू नका. भूमी अभिलेख विभागाच्या भूकरमापक भरतीत स्थापत्यची पदविका किंवा दोन वर्षांचा सर्वेक्षकाचा आयटीआय चालतो. भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र चालत नाही. शिकायचंच असेल तर देहरादूनची आयआयआरएस संस्था सुदूर संवेदनाचे ऑनलाइन वर्ग मोफत घेते. बाकी मेहनत करा वगैरे सगळे सांगतातच.

उशीर तर सगळ्याच खात्यांत होतो, मोजणीवाल्यांनीच का कुरकुरावं, असं मला ऐकवलं जातं. प्रयोगशाळेतलं काम महिनाभर थांबलं तरी यंत्र टेबलावरच असतं. इथे मे महिन्यात दगड सापडला नाही तर जूनमध्ये त्यावरून नांगर-वखर फिरलेला असतो आणि पुढची संधी पुढच्या फेब्रुवारीला. म्हणून प्रस्ताव लिहितानाच वेळापत्रक आपल्या मातीप्रमाणे लिहा. पहिल्या वर्षात जुने नकाशे स्कॅन करणं, त्यांना सहनिर्देशक देणं, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून नकला काढणं अशी बसून होणारी कामं ठेवा. वावरातलं काम दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत टाका आणि त्याचा हप्ता डिसेंबरपर्यंत जमा होणं ही अट प्रस्तावातच घाला. मार्गदर्शक म्हणतील, अशी अट घातली तर प्रस्ताव नाकारतील. नाकारू द्या. नाकारलेल्या प्रस्तावात यंत्राचं भाडं आपल्या खिशातून जात नाही.