चाळीतून जपानी घरात राहायला जाताना

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तातामी ही जपानी चटई साधारण सहा फूट बाय तीन फूट. म्हणजे आमच्या खोलीत अशा जेमतेम नऊ मावल्या असत्या आणि सगळं घर त्यांच्यावरच झोपलं असतं. एक्स्चेंज विद्यार्थिनी म्हणून योकोहामाच्या एका कुटुंबात राहायला निघाले तेव्हा मजल्यावरच्या मावश्यांना एकच घोर, पोरीला परक्या घरात जमेल का? जमलं. जड गेलं ते वेगळंच, आणि त्याचा जागेशी काही संबंध नव्हता. आता जे जाणार आहेत त्यांच्यासाठी हे चार बोल.

१. लहान जागेची धास्ती घेऊ नका. सकाळी गाद्या गुंडाळून कपाटात गेल्या की झोपायची खोली बसायची होते, हे जपानी घरातही तसंच आहे. उलट चाळीतल्या मुलांना एक फायदा: आपला पसारा दुसऱ्याच्या वाटेत येऊ द्यायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

२. खरी परीक्षा दाराची. बीडीडीला गिरगावातल्या चाळींसारखी बाहेरून गॅलरी नाही. मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. दारं दिवसभर उघडी, फार तर पडदा. वाटी घेऊन येणारी काकू आधी आत येते, मग हाक मारते. जपानी घरात सरकतं दार कागदी असलं तरी ते भिंतच समजायचं. बाहेरून आवाज द्या, थांबा, मग सरकवा. घरात शिरताना ‘तादाइमा’ म्हणजे ‘आले हं’ असं सांगून शिरा. घरचा मुलगासुद्धा सांगतो. पण याचा अर्थ स्वतःच्या खोलीत दार लावून बसा असा नाही. तसं बसलात की सगळ्या घराला वाटतं, हिचं काही तरी बिनसलंय, आणि विचारत मात्र कुणी नाही. गृहपाठ जेवणाच्या टेबलावर करा. बोलायला शब्द नसले तरी शेजारी असणं मोजलं जातं.

३. आंघोळीचे नियम पहिल्याच संध्याकाळी समजून घ्या. टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावायचा, अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच टबात उतरायचं. टबातलं पाणी सगळ्या घरासाठी एकच असतं. आपलं झालं की बूच काढायचं नाही, वर झाकण घालायचं, म्हणजे मागच्याला पाणी गरम मिळतं. पाहुणी म्हणून पहिला नंबर देतात. पहिल्या दिवशी तो मान घ्या, पुढे घरच्या क्रमात बसा. योकोहामाच्या आमच्या घरी उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पंपाने वॉशिंग मशीनमध्ये जायचं. नळाची वेळ सांभाळून पिंप भरणाऱ्या घरातल्या मुलीला यात नवल ते काय? लांब केस मात्र वर बांधूनच पाण्यात उतरा. हे आपणहून कुणी सांगत नाही.

४. संडासातल्या चपला संडासातच ठेवायच्या. एवढं पाळलंत तरी निम्मी लाज वाचते.

५. कचरा हा योकोहामात गमतीचा विषय नाही. महापालिकेने २००३ साली ‘जी ३०’ मोहीम काढून कचरा तीस टक्क्यांनी घटवायचं ठरवलं आणि ते मुदतीआधीच साधलं, ते घरोघरच्या वर्गीकरणावर. स्वयंपाकघरात वारांचा तक्ता लावलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा आणि कचरा बाहेर नेण्याचं काम आपणहून मागून घ्या. यजमान घर म्हणजे लॉज नव्हे. घरात एखादं काम आपल्या नावावर असलं की आपण पाहुणे राहत नाही.

६. जेवणाबद्दल ‘काहीही चालेल’ हे उत्तर देऊ नका. काय खात नाही ते जाण्याआधीच लिहून कळवा. मी मासे खाणारी, शिवाय सुकटीच्या वासात वाढलेली, त्यामुळे तिथल्या सुक्या मासळीच्या सुपाने मला आपलंसं वाटलं. पण शाकाहारी मुलांनी लक्षात ठेवावं, मिसो सुपात मासा दिसला नाही तरी त्याचं मूळ पाणी बहुधा सुक्या मासळीचंच असतं. यायला उशीर होणार असेल तर कळवा. ताट थांबलेलं असतं.

७. यजमान घरातल्या आजींच्या खोलीत पितरांचं छोटं बौद्ध देवघर होतं. शिजलेल्या भाताची पहिली वाटी तिथे जायची, मग बाकीच्यांना. चाळीतल्या आमच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर शेजारी शेजारी, म्हणून मी हात जोडले. आजींना नवल वाटलं. त्यांच्या घरातला बौद्ध धर्म गेलेल्या माणसांच्या आठवणीभोवती उभा, आमचा १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेतून आलेला, जिवंत माणसाच्या मानासाठी. हा फरक सांगता येईल इतकी जपानी आधी शिकून जा. कोयासान विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि वरळीतच, पोदार रुग्णालयाजवळ, निप्पोन्झान म्योहोजी हे जपानी बौद्ध मंदिर आहे. निघण्याआधी तिथे जाऊन थोडा वेळ शांत बसा. हळू बोलायची सवय विमानात बसल्यावर लागत नाही.

८. भूकंपाची पिशवी कुठे ठेवली आहे आणि भूकंप झाल्यास जमायची शाळा कोणती, हे पहिल्या दिवशी विचारा. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा जमीनदोस्त झालं. त्याच सुमारास वरळीत आमच्या चाळी उभ्या राहत होत्या. यामाशिता बागेत तिथल्या भारतीय लोकांनी १९३९ साली उभारलेली छत्रीवजा पाणपोई आहे, भूकंपात मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून. यजमानांना तिथे घेऊन चला असं सांगा. माझ्या यजमानांनी ती कधी नीट पाहिलीच नव्हती.

९. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बाकीचे वाट पाहताहेत. एएफएस, रोटरी अशा एक्स्चेंज संस्थांच्या अर्जात यजमान कुटुंबाला पत्र लिहायचं असतं आणि घराचे फोटो जोडायचे असतात. अजून चाळीत असाल तर १६० चौरस फुटांच्या खोलीचाच फोटो जोडा, भावाच्या मित्राच्या फ्लॅटचा नको.