नोंद झाली असे केव्हा म्हणावे?
अंतर्भूत डेटाबेस व पार्श्वभूमीतील लेखन : एक अभ्यास

शासनव्यवहारात नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जमिनीचा हक्क, कराचा भरणा, शाळेतील हजेरी, जन्म आणि मृत्यू या साऱ्यांचा आधार अखेर एखाद्या नोंदवहीतील एक ओळ हाच असतो. ती ओळ लिहिली गेली की नागरिकाच्या हाती पावती पडते आणि तो निर्धास्त मनाने घरी जातो. वही कागदाची होती तोवर ओळ केव्हा लिहिली गेली हे डोळ्यांना दिसत असे. आता वहीची जागा यंत्राने घेतली आहे. पडद्यावर 'नोंद झाली' ही अक्षरे उमटली, तरी त्या क्षणी ती नोंद खरोखर कोठे असते, हा प्रश्न प्रत्येक अधिकाऱ्याने, शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने समजून घ्यावा असा आहे.

नागपूर जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. पश्चिमेस काटोल व नरखेडचे संत्र्याचे मळे, पूर्वेस मौदा व कुहीकडील धानाची शेती आणि उत्तरेस रामटेक व पारशिवनीचा पेंचलगतचा वनप्रदेश, असा या जिल्ह्याचा विस्तार आहे. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून करावी, ही ई-पीक पाहणीची पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. जंगलालगतच्या शिवारात फोनला संपर्क मिळेलच अशी खात्री नसते. अशा ठिकाणी कोणत्याही सर्वेक्षणाची माहिती प्रथम हातातील उपकरणातच साठवावी लागते आणि संपर्क आल्यावर पुढे पाठवावी लागते. मधल्या काळात त्या माहितीचा एकमेव रखवालदार म्हणजे उपकरणातील छोटा डेटाबेस होय.

अंतर्भूत डेटाबेस म्हणजे काय?

मोठ्या कार्यालयातील डेटाबेस हा स्वतंत्र सेवक असतो. इतर संगणक त्याच्याकडे मागणी करतात आणि तो उत्तर देतो. अंतर्भूत डेटाबेसला असा वेगळा सेवक नसतो. तो वापरात असलेल्या कार्यक्रमाच्या पोटातच वसतो आणि सर्व माहिती एका साध्या फाईलमध्ये ठेवतो. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध नाव एसक्यूलाइट हे आहे. डी. रिचर्ड हिप या अमेरिकन अभियंत्याने २००० साली ते तयार केले. त्या वेळी ते एका युद्धनौकेसाठी कार्यक्रम लिहीत होते. डेटाबेसचा स्वतंत्र सेवक बंद पडला की त्यावर विसंबलेला कार्यक्रमही अडून बसे. सेवकाविनाच काम व्हावे, या गरजेतून एसक्यूलाइट जन्मास आले. ते कोणाच्याही मालकीचे नाही; त्याचा उपयोग कोणासही विनामूल्य करता येतो. आज अँड्रॉइड फोनमध्ये ते मुळातच असते. म्हणजे वाचकांपैकी बहुतेकांच्या खिशात हा डेटाबेस आहे, मग त्यांना त्याचे नाव ठाऊक असो वा नसो.

लेखनास वेळ का लागतो?

यंत्राची स्मृती दोन प्रकारची असते. एक अतिशय चपळ, परंतु वीज जाताच पुसली जाणारी. दुसरी मंद, परंतु टिकणारी. नोंद सुरक्षित व्हावयाची तर ती दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीत उतरली पाहिजे. एसक्यूलाइट नेहमीच्या रीतीने व्यवहार पूर्ण करताना यंत्रप्रणालीला बजावते, "हे खरोखर तबकडीवर उतरव आणि उतरल्यावरच मला सांग." तोपर्यंत कार्यक्रम थांबून राहतो.

या थांबण्याची किंमत हिशेबाने पाहू. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. एक व्यवहार निश्चितपणे उतरविण्यास साधारण दोन फेरे लागतात असे धरले, तर सेकंदास सुमारे ६० व्यवहार होतात. याउलट, अनेक नोंदी एकाच व्यवहारात बांधल्यास साधा संगणक सेकंदाला ५०,००० नोंदीदेखील सहज सामावून घेतो. समजा, ६,००० कुटुंबांची यादी यंत्रात भरावयाची आहे. प्रत्येक नोंद स्वतंत्र व्यवहार म्हणून केली तर १०० सेकंद लागतील. सर्व नोंदी एका व्यवहारात केल्या तर एक सेकंदही लागणार नाही. नव्या उपकरणांत फिरती तबकडी नसते आणि त्यांचा वेग अधिक असतो. तथापि चपळ स्मृती आणि टिकाऊ स्मृती यांतील अंतर तेथेही राहतेच.

पार्श्वभूमीतील लेखनिक

या विलंबावर एक उपाय पुढे आला, तो म्हणजे पार्श्वभूमीतील लेखनाचा. एखाद्या कार्यालयाची कल्पना करा. खिडकीवरील कारकून आलेल्या प्रत्येक माणसाची माहिती चिठ्ठीवर टिपतो, चिठ्ठी मागील टोपलीत टाकतो आणि लगेच पुढच्या माणसास बोलावतो. मागे बसलेला लेखनिक टोपलीतील चिठ्ठ्या आल्या त्याच क्रमाने उचलून वहीत उतरवितो. खिडकीवरील रांग भराभर सरकते.

एसक्यूलाइटसाठी तयार केलेले असमकालिक लेखनाचे जोडसाहित्य नेमके असेच काम करीत असे. लिहावयाच्या सर्व मागण्या स्मृतीतील एका रांगेत लावल्या जात आणि कामाचा एक वेगळा धागा त्या क्रमाने फाईलमध्ये उतरवीत असे. मध्येच कोणी माहिती वाचावयास मागितली, तर फाईलबरोबर ही रांगही तपासली जाई. त्यामुळे नुकतीच केलेली नोंद वाचणाऱ्यास दिसत असे. बाहेरून पाहणाऱ्यास सर्व काही नेहमीप्रमाणेच, किंबहुना अधिक वेगाने चालले आहे असे वाटे.

काय मिळाले, काय गमावले?

डेटाबेसमधील व्यवहाराच्या अंगी चार गुण असावेत, असे शास्त्र सांगते. पहिला अविभाज्यता, म्हणजे व्यवहार पूर्ण तरी व्हावा किंवा मुळीच होऊ नये. दुसरा सुसंगती, म्हणजे नियमभंग होऊ नये. तिसरा विलगता, म्हणजे एकाचा अर्धवट व्यवहार दुसऱ्यास दिसू नये. चौथा टिकाऊपणा, म्हणजे एकदा 'झाले' म्हटल्यावर ते वीज गेली तरी राहावे. थिओ हार्डर व अँड्रिआस रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी १९८३ साली हे चार गुण एका सूत्रात गुंफले.

पार्श्वभूमीतील लेखनात क्रम पाळला जात असल्याने पहिले तीन गुण शाबूत राहतात. वीज गेली तरी फाईल विस्कटत नाही. अर्धी रक्कम जमा आणि अर्धी गायब असे होत नाही. परंतु चौथा गुण हातचा जातो. टोपलीत ज्या चिठ्ठ्या उरल्या होत्या, त्या नाहीशा होतात आणि त्या चिठ्ठ्यांचे मालक तर पावती घेऊन केव्हाच घरी गेलेले असतात. ही रांग कार्यक्रमाच्या स्वतःच्या स्मृतीत असल्यामुळे वीज जाण्याचीही आवश्यकता नाही. कार्यक्रम अचानक बंद पडला तरी पुरे होते. फाईल निर्दोष दिसत असल्याने काही हरवले आहे, अशी शंकाही कोणास येत नाही. या पद्धतीचा खरा धोका तो हाच.

फेरफार नोंदवहीचा दाखला

विलंब टाळावा आणि नोंदही राखावी, यासाठी २०१० साली एसक्यूलाइटच्या ३.७.० या आवृत्तीत पूर्वलेखनाची पद्धत आली. महसूल खात्याशी परिचित वाचकांस तिचे तत्त्व नवे वाटणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हक्कातील बदलाची वर्दी प्रथम फेरफार नोंदवहीत लिहिली जाते आणि अधिकारअभिलेखात बदल त्यानंतर होतो. मूळ अभिलेखात एकदम खाडाखोड होत नाही; आधी क्रमवार नोंदवही, मग मूळ अभिलेख. पूर्वलेखनातही प्रत्येक बदल प्रथम एका वेगळ्या फाईलच्या शेवटी जोडला जातो. ही फाईल सुमारे १,००० पानांची झाली की त्यातील बदल मूळ फाईलमध्ये उतरविले जातात. याला मेळ घालणे म्हणता येईल.

मात्र दाखला एका मर्यादेपर्यंतच घ्यावा. फेरफार नोंद प्रमाणित होईपर्यंत तात्पुरती असते. पूर्वलेखनातील पूर्ण झालेला व्यवहार मात्र त्याच क्षणापासून खरा मानला जातो आणि वाचणाऱ्यास दिसतो.

या पद्धतीतही दोन रीती आहेत. पूर्ण दक्षतेच्या रीतीत प्रत्येक व्यवहारानंतर पूर्वलेखनाची फाईल टिकाऊ स्मृतीत उतरल्याची खात्री केली जाते. सामान्य रीतीत ही खात्री केवळ मेळाच्या वेळी होते. सामान्य रीतीत कार्यक्रम बंद पडला तरी नोंद जात नाही, कारण ती यंत्रप्रणालीच्या स्वाधीन झालेली असते. परंतु वीज गेल्यास शेवटचे काही व्यवहार जाऊ शकतात. वेगाची गरज या पद्धतीने बहुतांशी भागू लागल्याने जुन्या असमकालिक जोडसाहित्याची देखभाल थांबविण्यात आली.

व्यवहारात काय पाहावे?

पहिली गोष्ट, वेग हवा असेल तर प्रथम नोंदी एका व्यवहारात बांधता येतात का ते पाहावे. याद्या भरताना अनेकदा एवढ्यानेच काम भागते आणि टिकाऊपणाचा बळी द्यावा लागत नाही.

दुसरी गोष्ट, नोंदींचा मगदूर ओळखावा. पर्जन्यमापकाचे दर मिनिटाचे वाचन असेल आणि त्यातील शेवटची दोन वाचने गेली, तर फारसे बिघडत नाही. तेथे सामान्य रीत चालेल. कराचा भरणा, पिकाची नोंद, परीक्षेचे गुण किंवा लसीकरणाची नोंद असेल, तर पूर्ण दक्षतेची रीतच हवी. ज्या नोंदीची पावती दिली जाते, ती नोंद टोपलीत राहता कामा नये.

तिसरी गोष्ट, पूर्वलेखनाच्या पद्धतीत डेटाबेस चालू असताना केवळ मुख्य फाईलची प्रत काढू नये. ताजे व्यवहार जोडफाईलमध्ये असतात. ती मागे राहिल्यास प्रत अपुरी ठरते. तसेच ही पद्धत जाळ्यावरून सामायिक केलेल्या फाईलसाठी नाही; ती वापरणारे सर्व कार्यक्रम एकाच यंत्रावर असावे लागतात.

चौथी गोष्ट, काही हलक्या प्रतीची साठवण साधने लेखन पूर्ण होण्यापूर्वीच 'पूर्ण झाले' असे कळवितात. तेथे कोणतीही दक्षता व्यर्थ ठरते. म्हणून खरेदीच्या वेळी केवळ किंमत पाहू नये. उपकरण स्वीकारण्यापूर्वी त्यात चाचणीच्या नोंदी भराव्यात, मध्येच वीज तोडावी आणि यंत्राने 'झाली' म्हणून सांगितलेली प्रत्येक नोंद पुन्हा सापडते का, ते मोजून पाहावे. या चाचणीस तज्ज्ञाची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही ती करता येईल.

पाचवी गोष्ट, कार्यक्रम पुरविणाऱ्याकडून एका प्रश्नाचे लेखी उत्तर घ्यावे : पडद्यावर 'नोंद झाली' असे येते, तेव्हा ती नोंद रांगेत असते, उपकरणाच्या टिकाऊ स्मृतीत असते, की मध्यवर्ती संगणकावर पोहोचलेली असते? या तीन अवस्थांसाठी पडद्यावर तीन निराळे शब्द असावेत, असा आग्रहही धरावा.

रांग लवकर सरकावी ही नागरिकाची इच्छा असतेच. परंतु दिवसभराची मजुरी बुडवून तालुक्याला आलेल्या माणसाला दोन मिनिटांच्या खोळंब्यापेक्षा हरवलेल्या नोंदीसाठी पुन्हा घालावा लागणारा हेलपाटा अधिक जड जातो. त्याच्या हातातील पावती हे शासनाने दिलेले वचन असते. ते वचन केव्हा द्यावे हे यंत्राच्या वेगावर सोपवून चालणार नाही. ते ठरविण्याची जबाबदारी नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेची आहे.