पाण्यावरचा विमानतळ

जालन्याच्या कारखान्यांत लोखंडाच्या सळया होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. भंगार भट्टीत वितळते, त्याची सळई निघते आणि ती कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जाते. मग याच लोखंडाचे लढाऊ जहाज बांधता येईल का? नाही येणार. त्याला निराळे पोलाद लागते. आपल्या देशाचे गाडे पहिल्यांदा अडले ते तिथेच.

विमानाला जमिनीवर धावायला लांबच लांब सडक लागते. समुद्रात ती कुठून आणायची? म्हणून जहाजाची पाठच सपाट करतात. त्याला विमानवाहू जहाज म्हणतात. आपली नवी ‘विक्रांत’ २६२ मीटर लांब आहे. एवढी जागा विमानाला फार अपुरी. म्हणून तिचे पुढचे टोक वर उचललेले आहे. विमान त्या चढावरून झेप घेते. उतरताना तर अधिकच कठीण. विमानाच्या शेपटाखाली एक आकडा असतो. जहाजावर पोलादी दोर आडवे ताणलेले असतात. आकडा दोरात अडकतो आणि उधळलेला बैल कासऱ्याने आवरावा, तसं विमान थांबतं.

पहिली विक्रांत आपण इंग्लंडकडून विकत घेतली होती. ती १९६१ साली नौदलात आली. १९७१ च्या लढाईत तिच्यावरच्या विमानांनी चितगाववर बॉम्ब टाकले. १९९७ साली ती निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचे संग्रहालय होते. २०१४ साली ती मोडीत निघाली. तिचे थोडे लोखंड बजाज कंपनीने २०१६ साली काढलेल्या मोटारसायकलीत घातले.

दुसरी विक्रांत घरीच बांधायची ठरली. जागा केरळातील कोचीची गोदी. पोलाद रशियाकडून यायचे होते, ते वेळेवर मिळेना. हात जोडून किती दिवस बसणार? मग हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी आणि सरकारी पोलाद कारखान्यांनी मिळून ते येथेच तयार केले. विमान आदळले तरी तडकू नये, असे ते हवे होते. त्याला जोडायला वेल्डिंगचा रॉडही साधा चालेना.

२००९ साली बांधणीचा पाया घातला. जहाजाचे मोठाले तुकडे आधी वेगळे करायचे, मग ते एकाला एक जोडायचे, अशी रीत. पण गिअरबॉक्स यायला उशीर झाला, रशियातून यायचे विमानांचे सामानही रखडले. २००३ साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्च ३,२६१ कोटी रुपये धरला होता. शेवटी तो सुमारे २०,००० कोटींवर गेला. एवढा पैसा खेड्यांतल्या विहिरी-शाळांना का नाही, असं कुणी विचारलं तर त्यात वावगं काही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, यातला पुष्कळ पैसा देशातल्याच कारखान्यांत आणि कामगारांच्या हातांत पडला. नौदलाच्या सांगण्याप्रमाणे जहाजाचा ७६ टक्के भाग देशी आहे.

२ सप्टेंबर २०२२ रोजी विक्रांत नौदलात दाखल झाली. त्याच दिवशी नौदलाला नवे निशाण मिळाले. त्यावरचा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे.

विमानांचे काम मात्र राहिले आहे. तिच्यावरची मिग विमाने रशियाची. नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार २०२५ साली फ्रान्सशी झाला. आपले देशी तेजस विमान फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्यावर उतरले खरे, पण ते चाचणीचे विमान होते.