मादक पदार्थांचे शरीरावर व मनावर होणारे परिणाम
(वाळूज परिसरातील प्राथमिक शिक्षकांकरिता)

मादक पदार्थ म्हटले की वर्तमानपत्रांतील मोठ्या छाप्यांची आठवण प्रथम होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय व अहमदाबाद गुन्हे शाखा यांनी आपल्या जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगर शहरात व पैठणच्या औद्योगिक वसाहतीत, छापे घालून कोकेन, मेफेड्रोन व केटामाइन यांचा २५० कोटी रुपयांहून अधिक किमतीचा साठा पकडला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु चौथीतील मुलाच्या हाती ही द्रव्ये सहसा पडत नाहीत. त्याच्या हाती पडते ती गुटख्याची पुडी, घरातील मिश्रीची डबी आणि पंक्चरच्या दुकानातील सोल्युशनची नळी. शिक्षकाने आधी ओळखावयाचे ते यांनाच.

वाळूज औद्योगिक वसाहत १९८० नंतरच्या दशकात वाढली आणि रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, कमळापूर या गावांभोवती भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले, आई कामावर गेलेली, आजी-आजोबा दूर गावी, अशी घरे येथे पुष्कळ आहेत. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मूल कोणाच्याच नजरेत नसते. थिनर, गोंद, रंग या वस्तू मात्र कारखान्यांमुळे व गॅरेजांमुळे हाकेच्या अंतरावर असतात.

सर्व मादक पदार्थांचे मूळ कार्य मेंदूत घडते. भूक भागली, खेळात जिंकले, कोणी शाबासकी दिली, म्हणजे मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते व तीच कृती पुन्हा करावी अशी इच्छा उपजते. शिकण्याची गोडी याच व्यवस्थेवर उभी आहे. मादक पदार्थ या व्यवस्थेस कष्टावाचून आणि प्रमाणाबाहेर चेतवितो. असे वारंवार झाले की मेंदू आपला प्रतिसाद कमी करतो. मग पूर्वीइतक्याच मात्रेने भागत नाही, आणि खेळ, गोष्ट, आईचे कौतुक ही साधी सुखे बेचव वाटू लागतात. वर्गात ज्यास आपण ‘लक्ष नसणे’ म्हणतो, त्याचे कारण कित्येकदा येथे असते. त्यातून विवेक करणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. त्यामुळे व्यसनाचा आरंभ जितका लहान वयात, तितकी त्याची पकड घट्ट. आणि तो एक वर्षाने जरी लांबविता आला तरी लाभच होतो.

तंबाखूतील निकोटिन हृदयाची गती व रक्तदाब वाढविते आणि लवकर सवय लावते. गुटख्यातील सुपारी हीदेखील निरुपद्रवी नव्हे. तिच्यामुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे हळूहळू कमी होते; पुढे तेथेच कर्करोगाचा धोका संभवतो. एरवी मोठा घास घेणारे मूल तिखट लागले की डोळ्यांत पाणी आणते, किंवा स्वतःची तीन बोटे उभी तोंडात घालू शकत नाही, तर त्यास दंतवैद्याकडे पाठवावे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी रिकाम्या पुड्या शाळेच्या कुंपणाशी सापडतात. विद्यार्थ्यास टपरीवर तंबाखू-चुना आणावयास धाडणारे गुरुजी अजून कोठे असतील, तर त्यांनी हा लेख पुढे न वाचताही आपली ती सवय सोडावी.

हुंगण्याच्या पदार्थांविषयी अधिक सांगणे अवश्य आहे, कारण येथे शिक्षकाच्या वर्तनावर मुलाचा जीव अवलंबून असू शकतो. सोल्युशन व थिनर यांत टोल्युइनसारखी द्रावके असतात. त्यांची वाफ फुप्फुसांतून रक्तात व काही क्षणांत मेंदूत पोहोचते. गुंगी थोडाच वेळ टिकते, म्हणून मूल पुनःपुन्हा हुंगते. ही द्रावके चरबीत विरघळणारी असल्याने मेंदूतील तंतूंवरील स्निग्ध वेष्टन झिजते. स्मरण मंदावते, हात थरथरतात, अक्षर बिघडते. अंगास रसायनाचा वास, खिशात चिकट चिंधी, नाकातोंडाभोवती पुरळ, डोळे लाल, “गुरुजी, डोकं दुखतंय” ही नित्याची तक्रार, या खुणा एकत्र दिसल्यास सावध व्हावे.

या वाफेमुळे हृदय अतिसंवेदनशील झालेले असते. अशा वेळी मूल घाबरले किंवा जिवाच्या आकांताने धावले, तर भीतीने शरीरात उसळणाऱ्या ॲड्रेनलिनमुळे हृदयाची लय बिघडून तत्काळ मृत्यू येऊ शकतो. पहिल्याच वेळी हुंगणाऱ्यासही हा धोका असतो. म्हणून शाळेमागे हुंगत बसलेली मुले दिसली तर छडी घेऊन पाठलाग करू नये, ओरडू नये. शांतपणे जवळ जावे, नळी व चिंधी दूर करावी, मुलास मोकळ्या हवेत बसवून ठेवावे, जवळपास काडी पेटवू नये. शुद्ध हरपत असल्यास कुशीवर निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इतर पदार्थांची ओळख थोडक्यात पुरे. दारू मेंदूचे कार्य मंद करते, तोल घालविते, यकृत नासविते. गांजाने स्मरण व अवधान क्षीण होते. कोवळ्या वयात भ्रम व संशय जडण्याचा धोका वाढतो. गर्द हा अफूच्या कुळातील. त्याने बाहुल्या टाचणीएवढ्या होतात व अतिमात्रेत श्वास थांबतो. ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या दारूसह घेतल्यास तोच प्रकार होतो, आणि दीर्घकाळच्या सवयीनंतर त्या एकाएकी बंद केल्यास झटके येतात. ते काम वैद्याच्या देखरेखीचे आहे. मेफेड्रोन, ज्यास मुले ‘एमडी’ म्हणतात, ते २०१५ पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. त्याने झोप उडते, अंग तापते, हृदय धडधडते आणि उतार पडताना खिन्नता येते.

असे मूल आढळल्यास त्याचे नाव प्रार्थनेच्या वेळी घेऊ नये, वर्गाबाहेर उभे करू नये, आणि पटावरून तर मुळीच कमी करू नये. शाळा सुटलेल्या मुलास दिवसभर सोबत मिळते ती पंक्चरच्या दुकानामागील टोळीची. मुख्याध्यापकांस सांगून पालकांना त्यांच्या पाळीची वेळ विचारून बोलवावे. पालक मारहाण करतील असे दिसल्यास प्रथम त्यांना हा आजार आहे हे समजावून द्यावे व प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलासोबत स्वतः जावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ व संकटातील बालकांसाठी १०९८ हे निःशुल्क दूरध्वनी आहेत. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. बालकास मादक पदार्थ वा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ अन्वये सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामसभेत हे कलम वाचून दाखविल्यास टपरीवाल्यांवर इष्ट परिणाम होण्याचा संभव आहे.

वर्गातील पाठात नळी, पुडी दाखवू नये. कसे घेतात हे सांगू नये. त्याने कुतूहलच वाढते. तिसरी-चौथीत फुप्फुसे व हृदय शिकविताना, धावून आल्यावर मुलांना स्वतःची नाडी मोजावयास लावावी. नंतर एकाने मोठ्या भावाची व दुसऱ्याने लहानाची भूमिका घेऊन, “घे रे, काही होत नाही” यास “नको दादा, मला खेळायला जायचंय” असे उत्तर देण्याचा सराव करवावा. प्रत्येक मुलाची पाळी येईपर्यंत हा सराव चालू ठेवावा. त्यास एक तासिका पुरत नाही.