फलकावरचे आणि तंबूतले

कोल्हापूर जिल्ह्यातील यात्रा-जत्रांमध्ये पाळणे, मौत का कुआँ आणि हसरे आरसे यांच्या ओळीत एखादा तरी असा तंबू असतो, ज्याच्या फलकावर धड नसलेली बाई, नागाच्या अंगाची मुलगी, दोन तोंडांचे बाळ किंवा पाच पायांचा नंदी रंगवलेला असतो, आणि तो पाहून बाहेर पडणाऱ्या मंडळींत 'खरे होते की खोटे' हा एकच वाद रंगतो. प्रस्तुत विवेचन याच वादाविषयी आहे. ते करताना लेखकाच्या स्वतःच्या हातून घडलेल्या दोन चुकांचाही आधार घेतला आहे, कारण त्यांपैकी पहिली भोळेपणातून झाली असली तरी दुसरी आपल्याला सारे कळते या समजुतीतून झाली आणि ती अधिक गंभीर होती. या वादातील मूळ अडचण अशी की, तंबूत दाखवले जाणारे शरीर आणि त्या शरीराविषयी सांगितली जाणारी कथा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्यांची शहानिशाही वेगवेगळी करावी लागते, आणि तिकीट काढणारा माणूस मात्र दोन्ही एकाच दमात खरे किंवा खोटे ठरवून मोकळा होतो.

सर्वांत निरुपद्रवी प्रकार आरशांचा आहे. टेबलावर ठेवलेले बोलके मुंडके हा खेळ १८६५ साली लंडनमध्ये स्टोडेअर नावाच्या जादूगाराने प्रसिद्धीस आणला, आणि आज जत्रेत दिसणारी 'फक्त डोके असलेली बाई' ही त्याचीच वंशज आहे. टेबलाच्या पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांपर्यंत दोन आरसे तिरके बसवलेले असतात. त्यांत तंबूच्या बाजूच्या कनाती दिसतात, पण पाहणाऱ्याला टेबलाखालून आरपार मागचीच कनात दिसते असे वाटते, आणि बाई त्या आरशांच्या आड बसून टेबलाच्या भोकातून मान वर काढते. हे साधायचे तर तिन्ही बाजूंच्या कनाती एकाच रंगाच्या, जमिनीवरील सतरंजी बिनठशाची आणि प्रेक्षक ठरावीक अंतरावर असावा लागतो. दोरी त्यासाठीच बांधलेली असते. दोरीपलीकडे बाजूला पडलेला चुरमुऱ्याचा रिकामा पुडा टेबलाखालीही 'दिसू' लागला की आरसा कोठे आहे ते नेमके कळते. नागकन्येच्या खेळात तर आरशाचीही गरज नसते, कारण मुलीचे शरीर फळीखाली आणि भुसा भरलेले कापडी वेटोळे फळीवर, एवढ्यावर काम भागते. ही कसबी माणसांची कला आहे, आणि ज्या मुलखाने अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांची आणि म्हैसाळच्या देवलांची सर्कस पाहिली, त्या मुलखाने अशा कसबाचे दहा-वीस रुपये आनंदाने द्यावेत.

बरणीतल्या बाळाची गोष्ट निराळी आहे. लेखक महाविद्यालयात शिकत असताना जिल्ह्यातील एका यात्रेत त्याने अशी बरणी पाहिली: गुलाबी अंगाचे, दोन डोक्यांचे बाळ, चहाच्या रंगाचे पाणी आणि शेजारी उभा राहून बोलणारा माणूस, जो सांगत होता की या बाळाच्या आईने ग्रहण सुटायच्या आत विळीवर भाजी चिरली. लेखकाने बाळावर विश्वास ठेवला, कथेवरही ठेवला आणि घरी येऊन ती चारचौघांत सांगितली. त्या चारचौघांत पाचव्या महिन्यात असलेली वहिनी होती, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. पुढच्या ग्रहणात त्या वहिनीने खिडक्या लावून, पाण्याचा घोट न घेता, हातपायही न हलवता अंधारात तासन्‌तास काढले, आणि बाळंतपण होईपर्यंत तिच्या मनातली धास्ती गेली नाही. बाळ सुखरूप जन्मले. पुढे एका डॉक्टर स्नेह्याने शरीररचनाशास्त्राच्या संग्रहालयातील खरे नमुने दाखवले तेव्हा फरक कळला: फॉर्मलिनमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले शरीर राखाडी-पिवळट पडते, त्वचा सुरकुतते आणि बरणीवर नोंदीचा क्रमांक असतो. जत्रेतल्या बाळाच्या दोन्ही कानांवरून, बाहुलीच्या डोक्याला साच्यातून काढताना उमटते तशी, सरळ शिवण गेलेली होती. ती लेखकाला त्या दिवशीही दिसली होती. त्याने तिला जन्मखूण मानले होते.

या विषयात शरीरशास्त्र काय सांगते ते पाहणे येथे आवश्यक आहे, कारण त्याच्या आधारेच पुढील बहुतेक फसवणुका ओळखता येतात. एकाच फलित बीजापासून होणाऱ्या जुळ्यांना एकबीजी जुळी म्हणतात. बीजाचे विभाजन पहिल्या आठवड्याभरात झाले तर दोन स्वतंत्र मुले होतात. मात्र ते साधारण तेराव्या दिवसानंतर सुरू झाले आणि अपुरे राहिले तर मुले जोडलेली राहतात, असा प्रचलित सिद्धान्त आहे, तर दोन वेगळे झालेले गर्भ पुन्हा एकमेकांस चिकटतात असेही काही अभ्यासक मानतात. असे जन्म साधारणपणे ५० हजार ते २ लाखांत एक एवढे विरळ असतात आणि त्यांतील पुष्कळ मुले मृत जन्मतात. यात ग्रहणाचा, विळीचा किंवा आईच्या कोणत्याही कृत्याचा काडीचाही संबंध नाही. एकबीजी असल्यामुळे ही मुले एकाच लिंगाची असतात. आणि ती एकमेकांस जोडलेली असतात ती साधारणपणे सारख्याच भागी, म्हणजे छातीला छाती, पोटाला पोट, माथ्याला माथा किंवा माकडहाडाला माकडहाड अशी. म्हणून 'मुलगा आणि मुलगी जोडलेली' किंवा 'एकाच्या पाठीला दुसऱ्याचा गुडघा चिकटलेला' असा फलक दिसला तर तिकीट काढण्यापूर्वीच उत्तर मिळालेले असते. कधी कधी दोघांपैकी एकाची वाढ खुंटते आणि त्याचे हात, पाय किंवा धड दुसऱ्याच्या शरीरावर राहून त्याच्याच रक्तावर पोसले जाते. त्यास परजीवी जुळे म्हणतात.

ज्यांच्यावरून जोडलेल्या जुळ्यांना सयामी हे नाव पडले ते चँग आणि एंग १८११ साली सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, जन्मले, १८२९ साली अमेरिकेत नेले गेले आणि तेथे ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी तपासून त्यांचा खरेपणा जाहीर केला, कारण लोकांना हे थोतांड वाटत होते. पुढे त्यांनी खेळाची मालकी स्वतःकडे घेतली, नॉर्थ कॅरोलिनात शेती केली, दोन बहिणींशी विवाह केले, आणि १८७४ साली काही तासांच्या अंतराने ते निधन पावले. दाखवले जाणे म्हणजे नेहमीच पिळवणूक, असे म्हणता येत नाही ते यांच्यामुळे. परंतु या विषयावर अधिक प्रकाश पडतो तो अवध प्रांतातील लालू याच्या हकिकतीतून. त्याच्या छातीवर परजीवी जुळे होते, ते निर्विवाद खरे होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत तो दाखवला जात असे. मात्र खेळ चालवणाऱ्यांनी त्या अर्धवट शरीराला झगा चढवून ती त्याची बहीण असल्याचे सांगितले, जे शरीरशास्त्रदृष्ट्या अशक्य आहे. शरीर खरे आणि त्यावर घातलेला झगा खोटा, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. ओडिशातील राधिका आणि दुधिका या जुळ्या बहिणींनाही लहानपणीच युरोपात खेळांत फिरवले गेले. दुधिकेला क्षय झाल्यावर १९०२ साली पॅरिसमध्ये डॉ. दोयाँ यांनी दोघींना विलग केले, दुधिका थोड्याच दिवसांत गेली आणि राधिका पुढच्या वर्षी. त्या शस्त्रक्रियेचे चित्रीकरण झाले होते, आणि त्याच्या प्रती पुढे जत्रांतून दाखवल्या गेल्या.

लेखकाची दुसरी चूक ही सारी माहिती मिळाल्यानंतरची आहे. बरणीचे बिंग कळल्यापासून प्रत्येक तंबूत शिवण शोधायची त्याला सवय लागली होती. काही वर्षांनी दुसऱ्या एका यात्रेत 'तीन हातांचा माणूस' पाहण्यासाठी तो भाच्यांना घेऊन आत गेला. स्टुलावर विशी-पंचविशीचा तरुण बसलेला होता, सदऱ्याची बटणे उघडी, आणि बरगड्यांच्या खाली लहान मुलाच्या हाताएवढा एक हात लोंबत होता. लेखकाने मोठ्याने सांगितले, 'मेणाचा आहे, चिकटवलाय; ओढून बघा.' गर्दीतल्या एका पोराने खरोखरच ओढला. तरुण कळवळून पुढे वाकला, तंबू क्षणभर गप्प झाला आणि मग हसला. तेव्हा लेखक जवळ गेला आणि त्याने ते पाहिले, जे दोरीअलीकडूनही दिसले असते: त्या इवल्या हाताची नखे नुकतीच कापलेली होती, एका बोटावर कापताना लागलेल्या कात्रीची बारीक खपली होती. 'वाढतात ती, साहेब,' तरुण म्हणाला, 'दर आठवड्याला कापायला लागतात.' तंबूवाल्याने मात्र हाच हात दत्तगुरूंच्या कृपेचा म्हणून सांगितला होता आणि त्यापुढे ताट मांडले होते. लेखकाने खोट्या कथेवर राग धरला होता, पण त्याची शिक्षा खऱ्या शरीराला झाली.

यावरून पाहणाऱ्याने धरावयाचा क्रम उलटा असावा असे लेखकाचे मत झाले आहे. समोर श्वास घेणारा माणूस असेल, तर त्याचे शरीर खरे धरूनच आत जावे. चुकून एखाद्याने दोन रुपयांची फसवणूक केली तरी त्याने कोणाचे नुकसान होत नाही, उलट खऱ्या माणसाला खोटे म्हणण्याची किंमत तो माणूस मोजतो. शंका घ्यायची ती कथेची. हे अवतार आहेत, हा शाप आहे, ताटात टाकले तर मूल होईल, हा ताईत घेतला तर गर्भ सुखरूप राहील, असे सांगितले जाऊ लागले की तेथे खेळ संपून व्यापार सुरू झालेला असतो. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे व त्यातून पैसा मिळवणे हा गुन्हा आहे, आणि तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर झटले आणि ज्या कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी अखेरपर्यंत लोकांना प्रश्न विचारायला शिकवले, तेथे ही वाट माहीत नसल्याची सबब पुरेशी नाही.

खरे शरीर आणि खोटी कथा यांची सांगड आपल्या भागाला नवी नाही. विंचरणे थांबल्याने केसांत होणारी गुंतवळ खरी असते, परंतु ती यल्लम्माची जट ठरली म्हणून कितीतरी मुलींची आयुष्ये देवाच्या नावावर गेली. राजर्षी शाहू महाराजांना १९२० साली मुलींना देवाला सोडण्याच्या या प्रथेविरुद्ध कायदा करावा लागला. पाच पायांच्या नंदीबाबतही तेच. वासराला जादा अवयव जन्मतः असू शकतो, तसेच दुसऱ्या वासराचा पाय कातडीखाली शिवून बसवण्याचा क्रूर प्रकारही केला जातो. वशिंडावरची कवड्यांची झूल नेमकी जोडाच्या जागी घट्ट बांधलेली असेल आणि मालक ती बाजूला करू देत नसेल, तर विचारणे प्राप्त आहे. जोडाभोवती केस नसलेली गोल खूण, व्रण किंवा पू दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० पासून अस्तित्वात आहे.

अलीकडे तंबूची जागा मोबाईलने घेतली आहे. कृत्रिम प्रज्ञेने तयार केलेली जोडलेल्या जुळ्यांची चित्रे देवीचे रूप म्हणून फिरतात, तर खऱ्या आजारी बाळांच्या छायाचित्राखाली भलताच खातेक्रमांक आणि क्यूआर कोड लावून शस्त्रक्रियेसाठी मदत मागितली जाते. अशा आवाहनात रुग्णालयाचे नाव असल्यास त्या रुग्णालयाच्या मुख्य दूरध्वनीवर वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांची चौकशी करावी. कोणत्या रुग्णासाठी मदत स्वीकारली जात आहे व ती कोणत्या खात्यात भरावी, हे तेथे कळते. मजकुरात दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये, कारण तो उचलणारा माणूस आवाहन करणाराच असतो. जोडलेल्या जुळ्यांना विलग करण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात झालेल्या आहेत, आणि २००७ साली बिहारमधील एका दोन वर्षांच्या मुलीवर बेंगळुरूत डॉ. शरण पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली परजीवी जुळ्याची शस्त्रक्रिया सुमारे २७ तास चालली होती. गावात तिला लक्ष्मीचा अवतार मानले जात होते.

तंबूत मूल बसवलेले दिसले, तर मालकाशी तेथेच वाद घालून उपयोग होत नाही, कारण तासाभरात तंबू गुंडाळला जातो आणि मूल दुसऱ्या तालुक्यात पोहोचते. बाहेर येऊन १०९८ या बालमदत क्रमांकावर यात्रेचे ठिकाण, तंबूची खूण, मुलाचे अंदाजे वय आणि सोबतच्या माणसांची माहिती द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची तपासणी व पुढील उपचारांची सोय आहे, त्यामुळे त्या मुलाच्या आईवडिलांशी बोलता आले तर जिल्हा रुग्णालयाचा पत्ता द्यावा. कोल्हापुरात हे रुग्णालय सीपीआर म्हणून ओळखले जाते, तेवढे म्हटले की रिक्षावालाही नेतो. मुलाचे छायाचित्र काढण्याचा मोह होतो, पण ते पोलिसांखेरीज कोणालाही पाठवू नये, कारण चार दिवसांनी तेच छायाचित्र एखाद्या खोट्या आवाहनाखाली लागलेले आढळते.