सव्वीसची रात्र

आधीच सांगते, माझी मैत्रीण वाईट नाही. पंचवीस वर्षांची ओळख आहे, आणि माझ्या बाळंतपणात डबा घेऊन लोकलने डोंबिवलीहून ठाण्याला येणारी तीच होती. पण चांगली मैत्रीण आणि चांगली तिकीट काढणारी या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला बँकॉकमध्ये कळलं, आणि त्याचे १८,४०० रुपये पडले.

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली. शनिवार, रविवार, सोमवार. डिसेंबरातच तिचा फोन: "तीन दिवसांत बँकॉक होतं गं, व्हिसाची कटकट नाही. मी सगळं बघते, तू फक्त पैसे पाठव." मी पाठवले. तेव्हापासून मी मनात तिला मॅनेजरबाई म्हणायला लागले. आता तोंडावरही म्हणते.

जाताना काही झालं नाही. शुक्रवारी रात्री ११:४० चं विमान होतं, शनिवारी पहाटे उतरलो. एक चूक माझी झाली, ती लिहून टाकते, नाहीतर ती सगळीकडे सांगत फिरेल: पॉवर बँक मी मोठ्या बॅगेत टाकली होती. मुंबईला बॅग बाजूला काढून मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर उघडायला लावली. वरच भडंगाची पिशवी आणि त्याखाली आतले कपडे. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची असते हे मला माहीत होतं, फक्त ती कुठे ठेवली ते आठवत नव्हतं.

मॅनेजरबाईंचा पराक्रम आदल्या दिवशीचा. थायलंडला जाण्याआधी आगमनाचं डिजिटल कार्ड भरावं लागतं. मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि पूर्ण फुकट. हिने सर्चमध्ये जी साइट सगळ्यात वर आली तिच्यावर भरलं आणि दोघींचं मिळून काही हजार "सेवाशुल्क" मोजलं. मी विचारलं, सरकारी साइट पैसे कशी घेते? तर म्हणाली, "परदेश आहे, घेत असतील." मी गप्प बसले. इथेच मी शहाणं व्हायला हवं होतं.

शनिवार-रविवार छान गेले, खोटं कशाला बोलू. चातुचकच्या बाजारात पाय तुटेस्तोवर हिंडलो. एका टुकटुकवाल्याने राजवाड्यापाशी "आज बंद आहे, एक वाजता उघडेल, तोवर दुसरं देऊळ दाखवतो" असं सांगून बघितलं, पण हे मी आधी वाचलेलं होतं. राजवाडा बंद असल्याचं रस्त्यावरचा माणूस सांगत असेल तर सरळ दरवाज्यापर्यंत चालत जायचं, तिथे खरंखोटं कळतं. आम्ही गेलो आणि दरवाजा उघडा होता. ही एक गोष्ट माझ्यामुळे वाचली, पण तिचा उल्लेख कोणी करत नाही.

रविवारी रात्री याओवारातला, म्हणजे तिथल्या चायनाटाऊनला गेलो. रस्त्यावर स्टुलं टाकून खाणारी माणसं, कोळशाचा धूर, आणि आम्ही दोघी नारळाच्या दुधातला चिकट भात आंब्याबरोबर खात बसलेल्या. मध्यरात्र उलटून गेली तरी उठावंसं वाटेना. "उद्या रात्री विमान, परवा सकाळी ऑफिस," ती म्हणाली. मी हिशेब केला, चार तास झोप विमानात होईल. त्याच वेळी, आता मला कळतं, विमानतळावर आमच्या दोघींच्या नावाने शेवटची घोषणा होत असणार.

सोमवारी सकाळी खोली सोडली, बॅगा हॉटेलात खालीच ठेवल्या आणि नदीकाठी था तिएनच्या धक्क्यावर आलो. पलीकडे वाट अरुण, मध्ये नदी, आणि पैलतीरी नेणारी होडी. धक्क्याजवळ एक बाई पेरूच्या फोडी विकत होती, सोबत तिखट-मीठ-साखरेची छोटी पुडी. मी पेरू घेतला. माझ्या हातात मैत्रिणीचा फोन होता, कारण माझ्या फोनवर रोमिंग नव्हतं. "दोन पॅक कशाला, माझ्या हॉटस्पॉटवर चालव," हाही मॅनेजरबाईंचाच सल्ला. मी नकाशा बघत होते आणि वरून एक मेसेज घसरत आला. जिथून तिकीट काढलं होतं त्या साइटचा. त्यात होतं: मुंबईपर्यंतचा तुमचा प्रवास कसा झाला? पाचपैकी किती तारे द्याल?

मला पहिल्यांदा वाटलं जाहिरात आहे. मग वाटलं येतानाच्या विमानाबद्दल विचारत असतील. पण "मुंबईपर्यंतचा" हा शब्द काही हलेना. मी तिचा मेल उघडला. न वाचलेले मेल एक हजार आठशे चाळीस. त्यात खाली गेले तर "चेक-इन सुरू झाले आहे", "चेक-इन करायला विसरू नका", "आपले विमान वेळेवर आहे", सगळं ओळीने, सगळं ठळक अक्षरांत, एकही उघडलेला नाही. तिकीट उघडलं. २६ जानेवारी, ००:१०.

हे आकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. पेरूची फोड तोंडात तशीच. सव्वीस तारखेला शून्य वाजून दहा मिनिटं म्हणजे पंचवीसची रात्र संपून दहा मिनिटं. म्हणजे काल. म्हणजे आम्ही आंबा खात होतो तेव्हा.

मी तिला म्हटलं, "अगं, आपलं विमान गेलं."

ती होडीच्या रांगेत माझ्या फोनवर सेल्फी काढत होती. "कुठे गेलं?"

"मुंबईला."

यानंतर ती जे बोलली ते मी अजून विसरले नाही. घाबरली नाही, सॉरी म्हणाली नाही. फोन माझ्या हातातून घेतला, तिकीट बघितलं आणि म्हणाली, "पण इथे सव्वीस लिहिलंय. आज सव्वीसच आहे. त्यांचीच चूक आहे." मग पाच मिनिटं मला समजावत होती की सव्वीसची रात्र म्हणजे आजची रात्र, कुठलाही माणूस असंच समजेल. आणि मग, सगळ्यात शेवटी, "तिकीट मी तुलाही पाठवलं होतं."

पाठवलं होतं हे खरं आहे. डिसेंबरात व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली, मी उघडून माझ्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे ना एवढं बघितलं आणि अंगठा पाठवला. त्या अंगठ्याची आठवण ती आजही काढते.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने सांगते. आपल्या बोलण्यात रात्र ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाचीच असते. रात्री साडेबाराला घरी आलेला मुलगा "काल साडेबाराला आलो" म्हणतो. पंचांगात तर वार सूर्योदयाला बदलतो. माझ्या आजीला पहाटे चारचा शनिवार कळलाच नसता, तिच्या लेखी तो शुक्रवारच. पण तिकीट घड्याळाप्रमाणे चालतं, आणि घड्याळाचा दिवस बाराला संपतो. कोकणात जाणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं: कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला येईपर्यंत तारीख बदललेली असते. पनवेलहून चढणाऱ्याने हे लक्षात ठेवलं नाही तर गाडी कालच गेलेली असते. मैत्रिणीचं माहेर चिपळूणचं आहे, म्हणून मला जास्त राग आला.

त्यामुळे माझा पहिला सल्ला: विमानाची वेळ ००:०१ ते ०४:०० च्या मधली असेल तर तारीख वाचू नका, "अमुक वारी रात्रीचं जेवण झालं की निघायचं" असं वाक्य कागदावर लिहा आणि ते दोघांनी मोठ्याने वाचा. हास्यास्पद वाटेल. माझ्या घरी फ्रिजवर आता असंच लिहिलेलं असतं.

धक्क्यावर परत. नवीन तिकीट काढायचं तर माझं कार्ड चालेना. कार्ड चालत होतं, ओटीपी येईना, कारण फोनवर रोमिंगच बंद. तिच्या फोनचा हॉटस्पॉट मला इंटरनेट देत होता, बँकेचा मेसेज कुठून देणार? म्हणून पॅक घ्या किंवा घेऊ नका, पण निघण्याआधी रोमिंग सुरू करून ठेवा आणि डेटा बंद ठेवा. ज्या फोनवर ओटीपी येत नाही त्याच्या मालकाकडे परदेशात कार्ड असून नसल्यासारखं. शेवटी तिच्याच कार्डावरून दोघींची तिकिटं निघाली, त्याच रात्रीची, माणशी १८,४००. मी माझे पैसे घरी पोचल्या दिवशी तिला दिले. हे नोंदवून ठेवते, कारण नंतर ग्रुपवर काहीतरी वेगळंच फिरत होतं.

वाट अरुण राहिलं. बॅगा घेतल्या, टॅक्सीत बसलो. ड्रायव्हरने विचारलं, कुठला विमानतळ? मॅनेजरबाई म्हणाल्या, "एअरपोर्ट, बँकॉक एअरपोर्ट." टॅक्सी निघाली. मी यावेळी तिकीट अक्षर न अक्षर वाचत होते, आणि तिथे डीएमके असं लिहिलेलं. येताना आम्ही उतरलो त्याचं बीकेके होतं.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत. २००६ मध्ये सुरू झालेला मोठा सुवर्णभूमी (लिहितात तसं, म्हणताना "सुवन्नफूम" म्हणतात), आणि जुना दोन म्युआंग, जिथून बरीचशी स्वस्तातली विमानं सुटतात. एक शहराच्या पूर्वेला, एक उत्तरेला, मध्ये चाळीसेक किलोमीटर आणि बँकॉकची वाहतूक. मी ओरडले. टॅक्सी वळली. एकाच दिवसाचं तिकीट दाखवलं की दोन्ही विमानतळांमध्ये फुकट बस मिळते हे मला नंतर कळलं, पण त्या संध्याकाळी ती बस आम्हाला वाचवू शकली नसती. शहराचं नाव नाही, विमानतळाची तीन अक्षरं बघायची. येतानाची आणि जातानाची वेगळी असू शकतात.

आणखी एक लहानसं दुःख. सुवर्णभूमीवर जाताना, पासपोर्टचा शिक्का झाल्यावर, समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प आहे. वासुकी, देव, दानव सगळे. ते फक्त परत निघताना दिसतं. माझ्या नातवाला मी फोटो कबूल केला होता. दोन म्युआंगला समुद्रमंथन नाही. तिथे मी गाळलेली कॉफी घेतली आणि मैत्रिणीच्या पलीकडच्या खुर्चीत बसले, शेजारी नाही.

बाकी सल्ले थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतात आणि कोणी पाळत नाही. पासपोर्टची छायाप्रत वेगळी ठेवा. राजवाड्यात उघडे खांदे, उघडे गुडघे चालत नाहीत. पाणी प्या. कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं, रुपयांत की बाथमध्ये? मैत्रीण "आपले रुपये बरे" म्हणून रुपये दाबायची. बाथच दाबायचं. रुपये दाबले की ते दुकानदाराच्या बाजूच्या मनमानी दराने बदलून मिळतात, आणि त्यात आपलं नुकसान असतं. बुकिंग करताना दोघींचे मोबाइल नंबर, दोघींचे ईमेल घाला. तिघी असाल तर तिघींचे. ज्या बाईचे अठराशे मेल न वाचलेले असतात तिच्या एकटीच्या पत्त्यावर कधीही काही पाठवू नका. आणि "मी सगळं बघते" असं कोणी म्हणालं तर "दाखव" असं म्हणा. मैत्री तुटत नाही. उलट मी ते म्हटलं असतं तर आज आम्ही जास्त बोलत असतो.

मंगळवारी मी सकाळी दहाला ऑफिसात होते, डोळे लाल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ग्रुप उघडला तर तिने फोटो टाकलेला, वाट अरुण मागे, नदीच्या पलीकडे, आणि खाली: "एक दिवस वाढवला! स्पॉन्टेनिअस!" एकोणीस हार्ट. एकीने विचारलं, तिकिटाचं काय झालं गं? त्यावर हसण्याची चिन्हं आणि माझं नाव घेऊन: "हिने बघितलंच नाही." मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आता एकच काम राहिलंय. विमान चुकलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मागता येतात, आपल्याकडच्या विमान कंपन्यांना ते देणं नियमाने भाग आहे. मूळ भाडं जातं, पण कराची रक्कम अगदीच चिल्लर नसते. मी फोन केला, त्यांनी नीट सांगितलं, छोटासा अर्ज आहे, दोन मिनिटांचा. फक्त तो बुकिंगच्या ईमेलवरून यायला हवा. बुकिंगचा ईमेल तिचा आहे. तिला तीनदा आठवण केली. "बघते," म्हणाली.